लेकराच्या जन्माचा कागद : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गरोदरपणातील व जन्मवेळच्या गुंतागुंतीची नोंद मुलांच्या दम्याच्या तपासणीशी जोडण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेल्या एका तालुक्याच्या गावी मी वीसहून अधिक वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, दवाखाना बंद करण्याच्या वेळेला, सहा वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन एक आजी आली. लेकराचे पोट उडत होते, गळ्याच्या खळीत प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता आणि छातीतली घरघर टेबलाच्या अलीकडे ऐकू येत होती. आईवडील ऊसतोडीला गेलेले होते. वाफ दिली, तासाभराने पोरगी बिस्कीट मागू लागली, तेव्हा मी सवडीने आजीला विचारले की हिच्या जन्माच्या वेळी काय झाले होते. सातव्या महिन्यातच, उसाच्या फडात काम चालू असताना सुनेला कळा आल्या आणि बाळ महिनाभर काचेच्या पेटीत होते, असे आजीने सांगितले. मग तिने जवळची पिशवी सोडली आणि रेशन कार्ड व आधार कार्डांच्या मधून, घड्यांवर फाटलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर बाळाचे वजन १ किलो ६०० ग्रॅम असे ठळक लिहिलेले होते, श्वासाच्या यंत्राचा ओझरता उल्लेख होता, आणि गर्भाच्या आठवड्यांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारलेली होती. "हा कागद आजवर कुणी मागितलाच न्हाई, माय," आजी म्हणाली. तिचे म्हणणे मलाही लागू होते. हीच मुलगी त्याआधी दोन वेळा माझ्याकडे येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा मी छाती तपासून, औषध लिहून तिला परत पाठवले होते.

त्या आडव्या रेघेविषयी आणि त्या न मागितलेल्या कागदाविषयी हे पत्र आहे.

फुप्फुसाची घडण गर्भात ठरलेल्या क्रमाने होते. श्वासनलिकेच्या फांद्या गर्भाच्या १६व्या-१७व्या आठवड्यापर्यंत फुटून झालेल्या असतात, म्हणजे आयुष्यभर ज्या नळ्यांतून हवा खेळायची त्यांची आखणी, पहिलटकरणीला पोटातल्या बाळाची हालचाल जाणवू लागण्यापूर्वीच उरकलेली असते. २४ आठवड्यांच्या सुमारास वायुकोशांच्या आत एक साबणासारखा पातळ थर तयार होऊ लागतो. श्वास सोडताना वायुकोश मिटून एकमेकांना चिकटू नयेत, हे त्याचे काम, आणि तो पुरेसा होईपर्यंत साधारण ३४-३५ आठवडे उजाडतात. खुद्द वायुकोशांची वाढ तर शेवटच्या काही आठवड्यांत सुरू होऊन जन्मानंतरही काही वर्षे चालू राहते. जे बाळ ३२व्या आठवड्यात बाहेर येते, त्याच्या फुप्फुसाला हे उरलेले काम बाहेरच्या हवेत, कधी यंत्राच्या दाबाखाली आणि जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये पार पाडावे लागते. अशा मुलांच्या नळ्या बहुधा बारीक राहतात. धडधाकट मुलाचे ज्या सर्दीत नुसते नाक वाहते, त्याच सर्दीत या मुलाला धाप लागते, कारण बारीक नळीत थोडी सूज आणि थोडा कफसुद्धा वाट अडवायला पुरतो.

हे निरीक्षण माझ्या एकटीचे नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ३० अभ्यासांतील सुमारे १५ लाख मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलांमध्ये बालवयात घरघर किंवा दमा असण्याची शक्यता, आईचे धूम्रपान आणि तत्सम इतर कारणांचा हिशेब वजा केल्यावरही, पूर्ण दिवसांच्या मुलांच्या जवळपास दीडपट आढळली. ३२ आठवड्यांच्याही आधी जन्मलेल्यांमध्ये ती जवळजवळ तिप्पट होती. त्याच वर्षी युरोपातील ३१ जन्मगटांतील, म्हणजे जन्मापासून पाहणीत ठेवलेल्या मुलांच्या गटांतील, सुमारे १ लाख ४७ हजार मुलांची माहितीही एकत्र अभ्यासण्यात आली, आणि त्या अभ्यासातील एक निष्कर्ष आपल्या व्यवस्थेने जरा थांबून वाचावा असा आहे : जन्मवेळच्या कमी वजनाचा दम्याशी जो संबंध दिसतो, तो बहुतांशी बाळ किती आठवड्यांचे होते यावरून उलगडतो. आपल्याकडे मात्र वजन सर्वत्र लिहिले जाते, अडीच किलोच्या आत असेल तर लाल शाईनेही लिहिले जाते, आणि आठवड्यांच्या रकान्यात रेघ पडते. पावणेदोन किलोचे एक बाळ ३२ आठवड्यांचे असू शकते आणि दुसरे पूर्ण दिवसांचे पण पोटातच उपाशी राहिलेले असू शकते; त्या दोघांची फुप्फुसे सारखी नसतात.

या आकड्यांचा अर्थ ताणता कामा नये. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बहुसंख्य मुलांना दमा होत नाही, आणि दमा असलेली बहुसंख्य मुले पूर्ण दिवसांचीच असतात. घराण्यातील दमा आणि ॲलर्जी, पहिल्या एक-दोन वर्षांतील विषाणूंचे संसर्ग, घरातला आणि बाहेरचा धूर, या सर्वांचा वाटा मोठा आहे. शिवाय पाच वर्षांखालील घरघरणाऱ्या प्रत्येक मुलावर दम्याचा शिक्का मारणे शास्त्राला धरून होत नाही. तरीही जन्माची माहिती हाती असली की उपचाराची दिशा बदलते, हे मी अनुभवाने सांगते. महिनाभर यंत्रावर राहिलेल्या बाळाची धाप ही ॲलर्जीच्या दम्यासारखी दिसते, पण ती फुप्फुसाला त्या काळात झालेल्या इजेमुळेही असू शकते. तिच्यावर नेहमीची दम्याची औषधे दरवेळी तितकीच लागू पडतील असे नाही. ही माहिती नसलेला डॉक्टर एकतर 'निमोनिया' म्हणून दर महिन्याला अँटिबायोटिक देत राहतो, नाहीतर 'कफ आहे, वयाने जाईल' असे सांगून मोकळा होतो. दोन्ही प्रकारची डझनभर चिठ्ठ्यांची चवड घेऊन पालक माझ्याकडे येतात.

अकाली जन्माखेरीज इतर गुंतागुंतींविषयीचा पुरावा कमी-अधिक बळाचा आहे, आणि त्यात फरक करूनच बोलले पाहिजे. आईच्या धूम्रपानाचा पुरावा भक्कम आहे. गर्भाशयातील पडद्यांना व पाण्याला झालेला संसर्ग, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, आईचा लठ्ठपणा यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. तो थेट आहे की या कारणांनी बाळ लवकर जन्मते म्हणून आहे, हे वेगळे काढणे अवघड जाते. सिझेरियनविषयी २००८ साली २३ अभ्यासांच्या आधारे सुमारे २० टक्के जास्त जोखीम मांडण्यात आली. यावरून कोणी घाबरून आवश्यक सिझेरियन टाळू नये, कारण अडलेल्या बाळंतिणीचा आणि बाळाचा जीव हा दम्याच्या शक्यतेपेक्षा केव्हाही मोठा. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात चारांपैकी एक प्रसूती सिझेरियनने होते, आणि त्यांतील काही पंचांगात मुहूर्त पाहून, ३७ किंवा ३८ आठवड्यांतच उरकल्या जातात, हे आम्हा डॉक्टरांना ठाऊक आहे. अशा बाळाला कळा न येताच बाहेर काढल्यामुळे फुप्फुसातील पाणी वेळेवर शोषले न जाण्याची आणि पहिले दोन-तीन दिवस त्याने धापा टाकण्याची शक्यता वाढते. ग्रहमान साधण्यासाठी बाळाचे दोन आठवडे कापून घेण्याचा अधिकार कोणाला असावा, याविषयी आपल्या विभागाने खासगी रुग्णालयांना एखादे स्पष्ट पत्र पाठवायला हरकत नाही.

आईला स्वतःला दमा असेल, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. दिवस गेल्याचे कळताच घरातली मंडळी पहिले काम करतात ते तिचा पंप (इन्हेलर) बंद करण्याचे. 'पोटातल्या लेकराला औषध लागेल' ही भीती. वास्तविक श्वासावाटे घेण्याची नेहमीची औषधे गरोदरपणात चालू ठेवावीत असेच वैद्यकशास्त्र सांगते, कारण आटोक्यात नसलेल्या दम्याने आईच्या रक्तातला प्राणवायू घटतो, आणि अकाली प्रसूतीची व कमी वजनाच्या बाळाची शक्यता वाढते. हे वाक्य आशाताईंच्या प्रशिक्षणात नेमक्या शब्दांत घातले गेले पाहिजे.

आता मराठवाड्याकडे वळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातील गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना सगळेच 'कोयता' म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे बायको गरोदर असली तरी उचल फेडण्यासाठी तिला पहाटे फडावर उभे राहावेच लागते, वाकून तोडावे लागते, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढावे लागते. तिची नोंदणी इथल्या उपकेंद्रात असते आणि सहावा-सातवा महिना तिकडे जातो. तिच्या तपासण्यांत जो पाच महिन्यांचा खंड पडतो, त्याच खंडात रक्तदाब वाढतो, रक्त कमी होते, मूत्रमार्गाचा संसर्ग वाढत जातो, आणि कळा लवकर येतात. याच जोडीला वयाचा प्रश्न आहे. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये सुमारे ४४ टक्के होते. कोवळ्या वयातील आईचे बाळ लवकर आणि कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता जास्त, हे सर्वमान्य आहे. कोयता पूर्ण व्हावा म्हणून दिवाळीआधी उरकलेले लग्न आणि सहा वर्षांनंतरची ती संध्याकाळची घरघर यांच्यामध्ये एवढेच अंतर असते.

बाळ घरी आल्यावर त्याची गाठ पडते ती धुराशी. पाचटाच्या कोपीत चूल आणि बाळाची झोळी यांच्यात चार हातांचेही अंतर नसते. गावातल्या पक्क्या घरात गॅस असला तरी पाणी तापवायला काटक्यांची चूलच असते. आणि मग आपली धुरी. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून, शेगडीतल्या गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा, लसणाची टरफले टाकून त्या धुरावर बाळाला धरण्याची रीत मायेपोटीच पाळली जाते, यात मला शंका नाही. माझ्या स्वतःच्या आईनेही माझ्या मुलाला ती दिली होती आणि डॉक्टर असूनही मी गप्प बसले होते. पण ३२ आठवड्यांच्या बाळाच्या फुप्फुसाला हा धूर फार महाग पडतो. पेटीत महिनाभर जपलेले बाळ घरी जाऊन पहिल्याच आठवड्यात धुरीवर धरले जाते, कारण पेटीतून सोडताना 'धुरी देऊ नका' हे कोणी सांगितलेले नसते. मिसरीचे, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीचेही तसेच. दात घासण्याच्या निमित्ताने ती दिवसातून चार वेळा तोंडात जाते, तिला कोणी तंबाखू समजत नाही, आणि गरोदर बाईला 'विडी ओढता का' असे विचारले की ती खरे बोलून 'नाही' म्हणते. धूरविरहित तंबाखूनेही बाळाचे वजन घटते आणि प्रसूती लवकर होण्याची शक्यता वाढते, म्हणून प्रश्न 'मिसरी लावता का' असाच विचारला पाहिजे.

महोदय, मी नवी योजना मागत नाही. असलेल्या योजनांना आमच्या भिंती पुरत नाहीत, इतके फलक लागलेले आहेत. मला हवे आहे ते असलेल्या दोन कागदांचे एकमेकांशी लग्न. माता व बाल संरक्षण कार्डावर आणि नवजात शिशू अतिदक्षता कक्षाच्या सुट्टीच्या कागदावर जन्माची हकीकत असते. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात, आणि त्यांनी तपासायच्या आजारांच्या यादीत श्वासनलिका आकसण्याचा आजार, म्हणजे व्यवहारात दमाच, पहिल्यापासून समाविष्ट आहे. परंतु माझ्याकडे या पथकांच्या ज्या चिठ्ठ्या येतात त्यांत दात, डोळे, रक्तक्षय आणि हृदयातील छिद्र असते. दम्यासाठी पाठवलेले मूल मी क्वचितच पाहते. ज्या दिवशी पथक येते त्या दिवशी मुलाची छाती मोकळी असेल तर नळी लावूनही काही ऐकू येत नाही. अशा आजारात पूर्वेतिहास हाच तपासणीचा मुख्य भाग असतो, आणि त्यासाठी मुलाबरोबर शाळेत जन्माचा कागद नसतो, आईही नसते.

म्हणून अंगणवाडीत नाव दाखल होताना तीन गोष्टी मुलाच्या आरोग्य कार्डावर कायमच्या उतरवल्या जाव्यात : बाळ किती आठवड्यांचे जन्मले, त्याला श्वासासाठी आधार लागला का व किती दिवस, आणि गरोदरपणात आईला कोणता त्रास होता. ज्या मुलाचे उत्तर ३४ आठवड्यांच्या आतले असेल किंवा जे यंत्रावर राहिले असेल, त्याच्या पालकांना दर तपासणीत 'रात्री खोकला येतो का, पळाल्यावर घरघर होते का, वर्षात किती वेळा वाफ द्यावी लागली' एवढे विचारले जावे. आईवडील ऊसतोडीवर असतील तर आजीला विचारावे. तिच्याइतकी अचूक साक्ष दुसरी कोणी देत नाही.

आठवड्यांचा रकाना भरायचा तर आठवडे माहीत असले पाहिजेत. 'पोळ्याच्या आधी पाळी चुकली' एवढ्या हिशेबावर आमच्या बायका बोट ठेवतात, आणि तो हिशेब पुष्कळदा बरोबरही असतो, पण पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीची जोड त्याला हवी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला असते. कारखाने सुरू होण्याआधीच्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत, ऊसतोड गावांसाठी ही तपासणी जादा दिवस ठेवून, जाणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीच्या कार्डावर प्रसूतीची अपेक्षित तारीख ठळक लिहून द्यावी, आणि तिचा माता-बाल नोंदणी क्रमांक कारखान्याच्या परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्राकडे ती पोहोचण्याआधी पोहोचवावा. ही तारीख ठाऊक असण्याचा आणखी एक फायदा आहे. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने दिल्याने बाळाचे फुप्फुस लवकर पक्व होते. १९७२ पासून माहीत असलेला हा उपाय आहे, औषध अगदी स्वस्त आहे, आणि मोठ्या दवाखान्यात पाठवण्यापूर्वीचा पहिला डोस आरोग्यसेविकेने द्यावा अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१४ पासून आहेत. याने पुढचा दमा टळतो असा माझा दावा नाही. पहिल्या दिवसांतला जीवघेणा श्वासाचा त्रास मात्र निश्चित घटतो. आठवडे माहीत नसले की सेविकेचा हात इंजेक्शनकडे जाताना अडखळतो, आणि तिला दोष देता येत नाही.

उपचाराच्या बाजूचे एकच मागणे आहे. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. औषध असून ते वेळेवर आणि योग्य मार्गाने मिळत नाही, हे त्याचे मोठे कारण. सालब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड या दम्याच्या औषधांचे पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आमच्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मुलांना मिळते ते सालब्युटामॉलचे गोड सायरप, ज्याने हात थरथरतात आणि छातीला फारसा उतार पडत नाही. पंप, आणि लहान मुलांना त्यातून औषध घेता यावे म्हणून लागणारी स्पेसरची नळी, केंद्रावर उपलब्ध असावी. 'पंप लागला की सुटत नाही' हा समज घालवण्याचे काम आम्ही दवाखान्यात रोज करतो; पंप हाती असेल तर ते आशाताईही करू शकतील.

हे सारे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासाने गर्भावस्थेतील पोषणाचा पुढच्या मधुमेहाशी असलेला संबंध जगापुढे मांडला. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्या बाईच्या हाती नवजात बाळाची काळजी सोपवून बालमृत्यू घटवून दाखवले, आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचे मूळ तिथेच आहे. गर्भातल्या दिवसांचा माग काढण्याची सवय या राज्याला आहे. तो माग आशाताईंच्या भेटी संपतात त्या ४२व्या दिवशी किंवा लसीकरण संपल्यावर थांबतो, एवढीच माझी तक्रार आहे.

एक काळजी मात्र घ्यावी लागेल, आणि ती परिपत्रकातच लिहून द्यावी. मुलाच्या दम्याचा संबंध गरोदरपणाशी आहे, हे वाक्य आमच्या घरांत आईविरुद्धचा पुरावा म्हणून वापरले जाईल. 'हिनेच काहीतरी खाल्ले', 'हिच्याच अंगात कस नव्हता' हे मी माझ्या टेबलासमोर ऐकले आहे. ज्या बाईला सातव्या महिन्यात मोळी उचलावी लागली, तिने अकाली प्रसूती निवडलेली नव्हती. म्हणून तो रकाना 'आईचा दोष' असा वाचला जाणार नाही अशा शब्दांत छापावा, आणि सांगताना नवऱ्याला व सासूला समोर बसवून सांगावे.

माझ्या दवाखान्यात आता प्रत्येक घरघरणाऱ्या मुलाच्या जन्माची नोंद एका वहीत ठेवली जाते. ते संशोधन नाही, साधी वही आहे. आपल्या विभागाला बीड किंवा परभणीतील एखाद्या तालुक्यात येत्या गाळप हंगामाआधी ही जोडणी करून पाहायची असेल, तर पालकांची नावे झाकून ती वही मी स्वतः जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणून देईन. त्या आजीच्या नातीच्या पानावर आठवड्यांच्या रकान्यात मी सध्या पेन्सिलने 'अंदाजे ३१' असे लिहिले आहे. तिची आई कारखान्यावरून परत आली की तिला विचारून शाईने लिहीन.

आपली नम्र,
एक बालरोगतज्ज्ञ,
जि. बीड